पाच हजार वाट

बाळांनो,

मागच्या आठवड्यात फोनवर तुमच्यातल्या थोरल्याने सांगितले की तुम्ही हॉलसाठी नवा स्पीकर घेताय, हजार वॉटचा. मी म्हणाले, "खोक्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस." तेव्हा धाकटी मागून हसली, "आजी, तुला काय कळतं वॉटमधलं?" मी गप्प झाले आणि तुम्हाला वाटले आजी रागावली. मी रागावले नव्हते. मला वॉटमधले थोडेफार कळते, पण ते कसे कळले हे फोनवर सांगण्यासारखे नव्हते. तुमच्याकडे सकाळ होती, कोणाचा तरी बूट सापडत नव्हता, बाबा गाडी काढत होता.

म्हणून लिहिते. आत्ताच लिहिते, कारण हे सगळे जवळून पाहिलेली माणसे कमी होत चालली आहेत. तुमच्या बाबाला यातले अर्धेच ठाऊक आहे, आजोबांनी त्याला कळू दिले तेवढेच. मी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवले. इंग्रजीत लिहिले असते तर तुम्हाला वाचायला सोपे गेले असते, पण यातले कोणीही इंग्रजीत बोललेले नाही. अडेल तिथे बाबाला विचारा.

तुम्ही आजोबांना पाहिले ते आजारानंतरचे. टाळी वाजवून बोलावणारे, चमच्याने ताट वाजवून भात मागणारे. तुम्हाला ती गंमत वाटायची आणि तुम्हीही ताटे वाजवायचात. त्याआधी त्यांना आवाज होता. ते वीज खात्यात मीटर तपासणीस होते. दिवसभर लोकांच्या दारात उभे राहून मीटर तपासायचे, आणि रविवारी सकाळी आपल्या गल्लीच्या टोकाच्या विहारात वंदना घ्यायचे. विहारात तेव्हा माइक नव्हता. त्यांना कधी लागलाही नाही.

तुम्ही तिकडे वाढलात म्हणून एक गोष्ट सांगून ठेवते. आपल्यात लग्न असो, नामकरण असो की मयत, सुरुवात त्रिशरण-पंचशीलाने, म्हणजे पाली भाषेतल्या शरणाच्या आणि पाच शीलांच्या ओळींनी होते. एकाने ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी ती मागून म्हणायची. बोलताना आपण म्हणतो, अमक्याने पंचशील दिले आणि लोकांनी घेतले. देणे आणि घेणे, हेच शब्द आहेत. साहजिकच, जे ऐकू आले नाही ते घेता येत नाही. आजोबा भंते नव्हते, साधे नोकरदार गृहस्थ होते. पण गल्लीत कोणाच्या घरी काही वाईट घडले की माणूस आधी आपल्या दारात यायचा, मग मंडपवाल्याकडे जायचा.

आधी घशात खवखव होती, मग आवाज घोगरा झाला, मग गाठ निघाली. डॉक्टरांनी एक स्वरतंतू काढला आणि नंतर शेक दिले. शेक म्हणजे किरणांचे उपचार. तिथे बाकड्यावर बसलेले सगळे शेकच म्हणतात. दुसरा तंतू त्या शेकांनी ताठरला. जीव वाचला. आवाजाच्या जागी नुसती हवा राहिली, कुजबुज म्हणा.

कुजबुजणाऱ्या माणसाशी लोक कसे वागतात ते मी जवळून पाहिले. काही जण त्याला बहिरा समजून मोठ्याने ओरडतात. काही जण त्याच्यासारखेच कुजबुजू लागतात. आपला भाजीवाला आजोबांच्या कानाशी वाकून मेथीचा भाव सांगायचा, जणू चोरीचा माल आहे. पहिल्या-पहिल्यांदा आजोबांना हसू यायचे. नंतर त्यांनी भाजी आणायला जाणेच बंद केले. विहारात दुसरे एक गृहस्थ वंदना घेऊ लागले. आजोबा मागच्या भिंतीला टेकून बसायचे आणि नुसते ओठ हलवायचे.

त्याच सुमारास थोरले आजोबा अंथरुणाला खिळले. हे आजोबांचे सख्खे मोठे भाऊ. पाचोडजवळच्या वाडीत राहायचे आणि उमेदीची सगळी वर्षे त्यांनी पाचोडच्या बाजारात मोसंबीची ओझी उचलली. त्यांची छाती निकामी झाली होती. खाटेवर उशांना टेकून बसल्याशिवाय श्वास पुरायचा नाही, पण जिभेला काही झालेले नव्हते. आम्ही भेटायला गेलो तेव्हा दारातच म्हणाले,

"आला का रे मुका? ये. जय भीम, मास्तरीणबाई."

आजोबा हसून पायथ्याशी बसले. जाऊबाई, म्हणजे थोरल्या आजोबांच्या पत्नी, चहा घेऊन आल्या.

"बारक्या," थोरले आजोबा म्हणाले. आजोबांनी सत्तरी ओलांडली तरी त्यांच्या लेखी ते बारक्याच होते. "माझ्या टायमाला पंचशील कोण देणार?"

"आवो, काय बोलताव हे?" जाऊबाई म्हणाल्या. "माणसं लांबून आलेत. च्या तर पिऊ द्या त्यांना."

"च्या पिताना कान बंद व्हत्यात का त्यांचे? बारक्या, तू द्यायचं. मायच्या वेळंला काय झालं, ध्यानात हाय ना?"

ते आम्हा सगळ्यांच्याच ध्यानात होते. सासूबाईंच्या जलदानविधीच्या दिवशी, म्हणजे मयतीनंतर काही दिवसांनी सगळे जमतात तेव्हा, आजोबा स्वतः टायफॉइडने पडून होते. बोलावलेल्या गृहस्थांना पुढे कुठल्या तरी लग्नाला जायचे होते. ते उशिरा आले, उभ्या-उभ्या पुटपुटले आणि निघून गेले. मागे बसलेल्या बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिल्या. थोरल्या आजोबांनी ते मनाला लावून घेतले होते. "मायचं पंचशील कुणी घेतलंच नाय," ते दरवेळी म्हणायचे. "माणसं आली, बसली आन् उठून गेली."

आजोबांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून दाखवला.

"ते म्हाईत हाय मला. मग मशीन घे की! शहरात मशिनी भेटत नाय व्हय? लग्नात त्या पोरांच्या मशिनी छाताडात वाजत्यात. तसलं एखादं आण. मागल्या रांगंतल्या बाईला बी ऐकू गेलं पायजे, सांगून ठिवतो."

आजोबांनी मान हलवली. मला वाटले, आजारी माणसाचे मन राखायला हलवली. पण दोन-तीन दिवसांत त्यांनी मला पैठण गेटच्या बाजारात नेले.

तिथल्या एका दुकानात छातीएवढ्या उंचीचे, चाके लावलेले डबे रांगेने उभे होते. ओढून न्यायला वर दांडा, आत बॅटरी, समोर जाळीमागे दोन कर्णे, आणि कर्ण्यांभोवती लाल-निळे-हिरवे पळणारे दिवे. दुकानदार चांगला होता, बोलका.

"चाचा, ये लेओ. पांच हजार वाट. शादी बोलो, बर्थडे बोलो, सब इसपेच चलता."

"आम्हाला शादीसाठी नको," मी म्हणाले, "बोलायला पाहिजे."

"तो बोलने के वास्तेच तो है, अम्मा! माइक साथ में. पांच हजार वाट में बोलेंगे तो पैठण तक जाएगा."

बाजारात वॉटला सगळे 'वाट'च म्हणतात. मी हसून मराठीत म्हणाले, असल्या वाटेने कोणाची तरी वाट लागायची. त्याला कळले नाही, पण तोही हसला आणि त्याने एक गाणे लावले. शोकेसची काच थरथरली. "हिला ना? हिला के नहीं?" तो विचारत राहिला.

आजोबा तेव्हा डब्याच्या मागे वाकले होते. चष्मा कपाळावर चढवून, नाक डब्याला लावून, बराच वेळ काहीतरी बघत होते. मग उभे राहिले, कमरेला हात लावला आणि म्हणाले, "हेच."

माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे. कुठलीही वस्तू घरात आली की तिच्यावर लिहिलेले सगळे वाचल्याशिवाय मी ती वापरायला काढत नाही. डब्यावर समोर बोटभर उंचीचा आकडा होता, पाच हजार वॉट. त्याच्याखाली, मुंगीच्या पायांएवढी, चार अक्षरे: पीएमपीओ. डब्याच्या मागे चार्जर लावायच्या जागी एक चिकटपट्टी होती. तिच्यावर बारा व्होल्ट, दोन अँपिअर एवढेच लिहिले होते.

बारा गुणिले दोन, चोवीस. तुमच्या आजोबांबरोबर इतकी वर्षे संसार केल्यावर एवढे मला येत होते. तो डबा भिंतीतून चोवीस वॉट घेत होता, जुन्या ट्यूबलाइटहूनही कमी. आतली बॅटरी थोडा वेळ त्याहून बरे काही देऊ शकत असेल, पण तीही त्याच चोवीसवर भरलेली. पाच हजार वॉट म्हणजे आपल्या घरातल्यासारख्या पाच इस्त्र्या एकदम लावणे. तसे केले तर आपल्या जुन्या वायरिंगचे काय होईल ते सांगायला मीटर तपासणीस लागत नाही.

त्या चार अक्षरांचा अर्थ मी नंतर शोधला, तो तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून लिहिते. यंत्र पापणी लवण्याहूनही कमी वेळ, जळण्याच्या आत, जास्तीत जास्त किती उसळी मारू शकेल याचा तो अंदाज असतो. त्या उसळीत आवाज स्वच्छ आहे की फाटलेला, हे बघायचे नसते. कर्णे जितके, तितक्या पटीने आकडा वाढवतात. तो कसा काढायचा याचा पक्का नियम नाही, त्यामुळे ज्याला जो शोभेल तो आकडा तो छापतो, आणि खाली चार अक्षरे घातली की खोटे बोलल्यासारखे होत नाही. तुम्ही बघायचा तो आकडा आरएमएस म्हणून लिहिलेला असतो. यंत्र न फाटता, सलग, काय देऊ शकते ते त्यातून कळते. आवाज किती टक्के बिघडलेला असताना तो मोजला तेही शेजारी लिहिलेले असेल तर उत्तम. आणि हे लक्षात ठेवा की वॉट दहापट केले तरी कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो. आकड्याला कान जितका भुलतो त्याहून डोळे जास्त भुलतात.

मी आजोबांना म्हणाले, "अहो, हे पाच हजारचे नाही. चोवीस वॉटवर चालते. परत देऊन येऊ."

ते चार्जरची वायर गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"दुकानातच वाचलं."

"मग घेतलं कशाला?"

त्यांनी वायरला गाठ मारली. मग माझ्याकडे बघून, प्रत्येक शब्दाला वेगळा श्वास घेत म्हणाले, "दादा आकडा विचारील."

परत द्यायला काढलेली पावती मी पुन्हा पाकिटात ठेवली.

गच्चीवर त्यांनी सराव सुरू केला. माइक ओठांना लावायचा, ओळ म्हणायची, मी पाण्याच्या टाकीपाशी उभी राहून ऐकायचे. आवाज कमी ठेवला तर काही ऐकू यायचे नाही. वाढवला तर डब्यातून निघालेला आवाज परत माइकमध्ये शिरायचा आणि कान फाटेल अशी शिट्टी व्हायची. शेजारची मुले गच्चीवर येऊन कान झाकून हसायची. मधेच कुठे तरी एक जागा होती, जिथे शिट्टीही होत नसे आणि शब्दही कळत असे. ती जागा फार अरुंद होती, वारा आला तरी बदलायची. जोर लावून कुजबुजू नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. आजोबा जोर लावायचे. सरावानंतर त्यांच्या रुमालावर कधीकधी लालसर डाग असायचा आणि तो रुमाल ते स्वतःच धुवायचे.

ते पळते दिवे कोणत्याही बटणाने बंद होत नव्हते. आजोबांनी नोकरीतली काळी चिकटपट्टी काढली आणि एकेक दिवा नीट झाकला. चिकटपट्टीची टोके कात्रीने सारखी केली. डबा त्यामुळे जरा सुतकी दिसू लागला, पण कामाचा वाटू लागला.

तो घेऊन आम्ही वाडीला गेलो. थोरल्या आजोबांची खोली लहान होती. खाट, एक लोखंडी कपाट आणि दोन माणसे उभी राहतील एवढी जागा. आजोबांनी डबा खाटेच्या पायथ्याशी ठेवला, आवाज अगदी कमी ठेवला, माइक ओठांना लावला आणि त्रिशरण म्हटले. इतक्या लहान जागेत यंत्राला काही ताकद लावावीच लागली नाही. प्रत्येक अक्षर स्वच्छ आले. तो त्यांचा पूर्वीचा आवाज नव्हता, दुसऱ्याच कोणा शांत माणसाचा होता, पण शब्द पुरेपूर होते. थोरले आजोबा डोळे मिटून मागून म्हणत होते, श्वास पुरेल तेवढे. जाऊबाई कपाटाला टेकून म्हणत होत्या. मीही म्हटले.

संपल्यावर थोरल्या आजोबांनी डोळे उघडले.

"कितीचं हाय?"

आजोबांनी माइक पुन्हा ओठांना लावला. "पाच हजार वाट."

"पाच हजार!" ते जाऊबाईंकडे वळले. "ऐकलं का? पाच हजार. मोसंबीच्या बाजारातला भोंगा बी नाय तेवढा. जालन्यापातूर जाईल की ह्यो."

"जालन्याला कोण हाय तुमचं ऐकायला?" जाऊबाई म्हणाल्या.

"तुझा भाऊ न्हाय का तिथं? लग्नात जेवायला वाढलं नाय म्हून रुसलेला? त्याला बी ऐकू जाऊ दे, मी मेलो म्हून."

ते हसले, मग खोकले, आणि खोकला थांबेना. जाऊबाईंनी पाठ चोळली. तो खोकला ओसरल्यावरही त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी त्याआधी कित्येक महिन्यांत पाहिले नव्हते. नंतर जो कोणी भेटायला येई त्याला ते सांगत, बारक्याने शहरातून पाच हजार वाटचे मशीन आणलेय. आल्या माणसाला आधी तब्येत नाही, मशीन सांगायचे. हे आम्हाला त्यांच्या मुलाकडून कळायचे.

ते उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. अंत्यविधी घाईत झाला, उन्हाचा तडाखा होता. सगळ्या गावाला बोलावून पंचशील द्यायचे होते ते जलदानविधीच्या दिवशी, घरापुढच्या मोकळ्या रानात. आम्ही सकाळीच डबा घेऊन पोचलो. माझ्या अपेक्षेपेक्षा खूप जास्त माणसे होती. पाचोडची, आजूबाजूच्या वाड्यांची, बिडकीनकडची सोयरी. कापडाचा मंडप पहिल्या काही रांगांनाच पुरला होता, बाकीची माणसे लिंबाच्या सावलीत आणि त्याच्याही मागे बांधापर्यंत बसली होती.

मंडपवाल्याचा टेम्पो परत चालला होता. त्याच्या टपावर दोन मोठे भोंगे आणि मागे यंत्राची पेटी होती. पुतण्या, म्हणजे थोरल्या आजोबांचा मुलगा, त्याला हात करून निरोप देत होता. आजोबांनी हाताने विचारले, हे काय?

"भोंगे सांगितले व्हते काका, पण परत लावून दिले. तुमचं पाच हजारचं असताना ह्याचं काय काम? आबा म्हणून गेलेत, बारक्याच्या मशिनीवरच व्हायला पायजे."

मी आजोबांकडे बघितले. त्यांनी माझ्याकडे बघितले नाही. टेम्पो धूळ उडवत बाभळीच्या वळणाला गेला. भोंग्यावरही कुजबुज कुजबुजच राहिली असती, हे खरे आहे. पण ती बांधापर्यंत पोचली असती. त्या वेळी टेम्पोला थांबवायचे तर सगळ्या भावकीसमोर सांगावे लागले असते की गेलेल्या माणसाला जो आकडा सांगितला तो खरा नव्हता. आजोबांनी ते सांगितले नाही. त्यांनी डब्याचा दांडा धरला आणि तो मंडपात पुढे मांडलेल्या तसबिरींच्या शेजारी नेऊन ठेवला.

मेणबत्त्या लावल्या, त्या वाऱ्याने विझल्या, पुन्हा लावल्या. पांढऱ्या साडीत जाऊबाई पुढे बसल्या, त्यांच्या शेजारी मी. सगळ्यांनी हात जोडले. आजोबा उभे राहिले आणि त्यांनी माइक ओठांना लावला.

त्रिशरण कसेबसे झाले. पहिल्या दोन-तीन रांगांनी मागून म्हटले. त्यांच्या मागून "येत नाय, येत नाय" अशी कुजबुज आली, कोणीतरी हात वर करून आवाज वाढवायची खूण केली. आजोबांनी बटण फिरवले. पंचशीलातल्या पहिल्या शीलाच्या पहिल्याच शब्दात दोनदा 'प' येतो. कुजबुजीत 'प' म्हणजे निव्वळ फुंकर. ती फुंकर त्या डब्यातून फटाका फुटावा तशी फुटली, दोनदा. पुढची अक्षरे खरखरीत विरली. आजोबा थांबले, माइक जरा लांब धरला. आता काहीच ऐकू येईना. त्यांनी बटण आणखी फिरवले. यंत्र जेवढे देऊ शकत होते तेवढे कधीच देऊन झाले होते. त्याच्यापुढे बटण फिरवले की आवाज वाढत नाही, तो फाटतो. शब्दाचे वरचे टोक कापले जाते आणि उरते ती चरचर. मग शिट्टी सुरू झाली. बांधावरची कुत्री उठून भुंकू लागली. एक लहान मूल हसले आणि त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

आजोबांनी पुन्हा सुरुवात केली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. पुढे बसलेली माणसे त्यांच्या ओठांकडे बघून ओळ ओळखू पाहत होती. ओळी त्यांना पाठ होत्याच, त्यांनी त्या म्हटल्याही असत्या, पण देणाऱ्याने दिल्याशिवाय घ्यायचे कसे, म्हणून ती थांबून राहिली होती. मागची माणसे उठून उभी राहिली होती. त्या वेळी जाऊबाई पदर तोंडाशी धरून म्हणाल्या, "भाऊजी, बंद करा वो ते. बंद करा."

त्यांनी बंद केले.

बिडकीनकडून आलेले एक निवृत्त शिक्षक उठले. त्यांनी आजोबांच्या खांद्यावर हात ठेवला, "तुम्ही बसा, दादा," म्हणाले आणि माइकशिवाय, शाळेच्या मैदानावर कवायत घेतात तशा आवाजात पंचशील दिले. शेवटच्या माणसापर्यंत ते गेले. सगळ्यांनी घेतले. त्यांनी केले ते योग्यच होते. आजोबा माझ्या शेजारी मांडी घालून बसले, बंद माइक हातात तसाच होता, आणि ओठ हलत होते. एवढ्या जवळूनही मला फक्त श्वास ऐकू येत होता.

जेवणाच्या पंगतीत लोक त्यांना धीर द्यायला आले. "बॅटरी उतरली असंल." "वायर लूज झाली." "चायनाचा माल आसाच आसतो." आवाजाबद्दल कोणी बोलले नाही. पुतण्याने जवळ येऊन विचारले, "काका, पाच हजारचंच व्हतं ना? का दुकानदारानं टोपी घातली?"

आजोबांनी मान हलवली, पाच हजारचेच. मग बोटाने डब्याकडे दाखवून ओठांनी म्हणाले, "बॅटरी."

येताना गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. वाटेतले आडूळ गाव मागे पडल्यावर मी म्हणाले, "खोलीत त्यांना ऐकवलंत तेच खरं." त्यांनी माझा हात थोपटला, लहान मुलाचा थोपटतात तसा, आणि काढून घेतला. माझे म्हणणे त्यांना पटले नव्हते. त्यांनी भावाला एक शब्द दिला होता आणि तो मोडला होता, आणि मोडला तो भावाला खूश करण्यासाठी सांगितलेल्या आकड्यामुळे. दोन्ही गोष्टी त्यांनीच केल्या होत्या. त्यात दुकानदाराला दोष देण्याचीही सोय त्यांनी स्वतःला ठेवली नव्हती.

त्यानंतर ते माझ्याशीही कुजबुजेनासे झाले. टाळी, चमचा, मान, बोटे, एवढ्यावर आमचे चालायचे. विहारात जाणे थांबले. डबा बरेच दिवस जिन्याखाली होता. एके दिवशी त्यांनी भंगारवाल्याला हाक मारायची मला खूण केली. भंगारवाल्याने दांडा ओढून बघितला आणि विचारले, "कितना वाट का है?" आजोबा आत निघून गेले. मी म्हणाले, "चोवीस." तो म्हणाला, "अम्मा, इसपे तो पांच हजार लिखा है."

पुढच्या थंडीत त्यांच्या घशात पुन्हा गाठ निघाली. या वेळी शेक नव्हते. बाकीचे तुमच्या बाबाला ठाऊक आहे, तो होता. ते गेले तेव्हा पुन्हा उन्हाळा लागला होता. त्यांच्या विधीला बाबा चांगले यंत्र भाड्याने आणायला निघाला होता, खरा आकडा विचारून वगैरे. मी नको म्हटले. माणसांना सांगितले, जवळ सरकून बसा. काही सरकली, काही उन्हामुळे लांबच बसली.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते, आजोबांचा आजारापूर्वीचा आवाज कुठेही भरून ठेवलेला नाही. तेव्हा आमच्याकडे तसले फोन नव्हते, आणि आवाज जाईल असे कोणाच्या मनात नव्हते. तुमच्या स्पीकरवर लावायला मी काही पाठवू शकत नाही.

जाऊबाई आहेत. वाडीच्या त्याच घरात राहतात, दिसायला कमी झाले आहे, कान शाबूत आहेत. मागच्या महिन्यात मी चार दिवस राहून आले. भेटायला आलेल्या एका नव्या सुनेला त्या सांगत होत्या की त्यांच्या मालकाचे पंचशील धाकट्या दिराने दिले, स्वतः उभे राहून, आणि ते सगळ्यांना ऐकू गेले. मी शेजारीच बसले होते. त्यांनी मला साक्षीला घेतले, "व्हय ना वो, बाई?" मी हो म्हटले. आता वाडीत ते तसेच सांगतात.

तुमची,
आजी